दसरा काढताना एकदा माळवदाकडेही पाहा



सोयाबीन खळ्यावर आले, पाऊस ओसरला की आपल्याकडे घराघरांत एकच धांदल उडते. घट बसायच्या आत दसरा काढायचा! वाकळा, गोधड्या, अंथरुणे-पांघरुणे नदीवर किंवा हौदावर जातात. फडताळातली भांडी खाली उतरतात. भिंतींना पोतारा, भुईला सारवण, दाराला काव आणि देवळीला चुना. पुढे दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडल्या जातात. नांदेड-लातूरकडच्या बायाबापड्यांना हे काम कोणी शिकवायची गरज नाही. तेव्हा आमच्यासारख्या कृषी खात्यातल्या माणसाने त्यात काय सांगावे, असे तुम्हाला वाटेल.

सांगायचे आहे ते चुन्याबद्दल थोडे आणि चुन्याच्या आत काय दडले आहे त्याबद्दल जास्त. वर्षातून एकदाच आपण घरातला प्रत्येक कोपरा डोळ्यांखालून घालतो, तो याच दिवसांत. मग त्याच वेळी घराची तब्येतही पाहून घ्यायला काय हरकत आहे? बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण वरून हळद चोपडून गप्प बसत नाही, सूज का आली ते बघतो. घराचेही तसेच आहे.

त्या वर्षी दसरा निघालाच नाही

माझे गाव निलंगा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 रोजी मी सहा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, माणसे दमून झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर भागातली गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. आठ ते दहा हजार माणसे गेली. पुढे 52 गावे दुसऱ्या जागी वसवावी लागली. आमच्या घराची मागची भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली, पण सागवानी खांब आणि तुळया जागेवर राहिल्या म्हणून आम्ही आज आहोत. शेजारच्या घरातले दोघे मात्र राहिले नाहीत. त्या वर्षी आमच्या गल्लीत कोणी दसरा काढला नाही. काढायला घरे कुठे होती?

मोठा झाल्यावर मी विचार करू लागलो, भूकंप 6.2 रिश्टरच्या आसपासचा. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि तिथे इतकी माणसे मरत नाहीत. मग आपल्याकडेच का? जाणकारांनी त्याचे उत्तर तेव्हाच दिले होते. आपल्या भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहून जाड, पण त्या म्हणजे दगडाच्या दोन वेगळ्या पडद्या आणि मध्ये भर. सांधायला चिखल. दोन्ही पडद्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवदावर एक-दोन फूट माती. हादरा बसताच आतली पडदी आत, बाहेरची बाहेर, आणि वरचा सगळा भार माणसांच्या अंगावर. गावकुसाजवळच्या कुडाच्या, गवताच्या झोपडीत राहणारी पुष्कळ माणसे वाचली, कारण त्यांच्या डोक्यावर भारच नव्हता.

माळवद किती जड?

आता हिशोब करू. बारा फूट बाय दहा फुटांची खोली धरा. तिच्यावर एक फूट जाड माती असेल तर ती 120 घनफूट झाली. एक घनफूट दाबलेली कोरडी माती साधारण 45 किलो भरते. म्हणजे एका खोलीच्या डोक्यावर 54 क्विंटल! पावसात भिजली की आणखी जड. आपल्या डोक्यावर कोणी 54 क्विंटल सोयाबीनची थप्पी मारली तर आपण त्याखाली अंथरूण टाकू का? पण मातीची थप्पी दिसत नाही, म्हणून आपण निवांत झोपतो.

हा भार एका दिवसात वाढत नाही. पावसाळ्यात माळवद गळते. गळाले की आपण पांढरीवरून चार पाट्या माती आणून वर टाकतो, चोपून घेतो. पुढच्या साली परत गळते, परत चार पाट्या. जुनी माती मात्र कोणी खाली काढत नाही. आजोबाची माती, बापाची माती, आपली माती, असे थरावर थर चढत जातात आणि खालची तुळई मात्र आजोबाच्याच काळातली असते.

आबांशी भांडण

हे मी लोकांना सांगत फिरत होतो आणि माझ्याच घराचे माळवद तसेच होते. कबूल करायला लाज वाटते. माझी नोकरी नांदेड जिल्ह्यात. 2024 साली 21 मार्चला सकाळी आणि नंतर 10 जुलैला हिंगोली जिल्ह्यात 4.5 रिश्टरचे धक्के बसले, ते नांदेडलाही चांगलेच जाणवले. जुलैच्या धक्क्याला भांड्यांचा खणखणाट ऐकला आणि मला पहिल्यांदा गावाकडचे घर आठवले. थोरल्या चुलत्यांना, आम्ही त्यांना आबा म्हणतो, फोन लावला.

"आबा, यंदा दसऱ्याला माळवदाची माती उतरवू."

"उतरवू म्हणजे? गळंल की सगळं!"

"गळणार नाही, त्याची सोय करतो."

"एवढा मोठा हादरा सोसला घरानं. आता म्हातारपणी त्याचं डोकं भादरतूस व्हय?"

आबांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. माळवदासारखा गारवा पत्र्याखाली नाही आणि स्लॅबखालीही नाही. वैशाखात दुपारी आमच्या माजघरात पाठ टेकली की डोळा लागतो. म्हणून मी माळवद मोडा म्हणत नाही. हलके करा, एवढेच म्हणतो.

दसरा झाल्यावर, आभाळ निरभ्र पाहून काम काढले. पहारीने खोली मोजली तर मोरीकडच्या कोपऱ्यात माती वीस इंच भरली. म्हणजे त्या एका खोलीवर 90 क्विंटल. खणताना थर स्पष्ट दिसत होते. आबा काठी टेकून वरच बसले होते. एका थरावर बोट ठेवून म्हणाले, "ही तुझ्या बापानं टाकलेली." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आमच्याकडून चूकही झाली. पोरांनी घाईत खणलेली माती माळवदाच्याच एका कडेला ढिगाने ओढली. खाली सरा करकरला. आबाच ओरडले, "अरे, भार एका अंगाला नका करू!" तो शहाणपणा माझ्या पदविकेच्या पुस्तकात नव्हता. तुम्ही ही चूक करू नका.

माती उतरवण्याची रीत

1. परतीचा पाऊस गेल्यावरच काम काढा. खालची खोली रिकामी करा, माणूस-जनावर आत ठेवू नका. तुळईला मधोमध लाकडी टेका द्या.

2. माती सगळीकडून सारखी, वीत-वीत खणत काढा. पाटी भरली की लगेच खाली. वर ढीग नको, गर्दी नको.

3. खालची किलचे, सरे उघडे पडतील तिथे वाळवी पाहा. अणकुचीदार खिळा टोचून बघा. लोण्यासारखा आत गेला तर ते लाकूड बदलायला झाले.

4. सगळी मिळून आठ इंचांहून जास्त माती ठेवू नका. खाली तीन-चार बोटे माती राखून तिच्यावर जाड प्लास्टिकचा कागद पसरा आणि वर उरलेली माती चोपा. शेततळ्याचा उरलेला कागद चांगला चालतो. कागदाला भोक पडणार नाही म्हणून खालच्या मातीतले खडे वेचा. सांधा वीतभर एकावर एक घ्या.

5. उतार पन्हाळीकडे द्या. पन्हाळीचे पाणी भिंतीवर न पडता लांब पडले पाहिजे. साण्याच्या कडा उंच करा.

आमच्या तीन खोल्यांची मिळून सहा ट्रॉल्या माती निघाली. 2025 च्या पावसाळ्यात, जेव्हा अतिवृष्टीने नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांत मातीच्या भिंती ढासळल्या, तेव्हा आमचे माळवद एका जागी, साण्यापाशी, थोडे गळाले. तिथे कागदाचा सांधा कमी घेतला होता. बाकी घर कोरडे राहिले. उतरवलेली माती वाया जात नाही. पांढरीची माती शेतात टाकायची रीत जुनीच आहे. फक्त आधी तिचे परीक्षण करून घ्या, खारवट निघाली तर शेतात नेऊ नका.

भिंत काय सांगते?

पोतारा फिरवण्याआधी भिंतीवर हात फिरवा. भिंतीचे पोट सुटले आहे का, ते दोरी धरून पाहा. पोट सुटणे म्हणजे आतल्या दोन पडद्या एकमेकींना सोडू लागल्याची खूण. कोपऱ्यात उभी भेग आहे का? भेगेवर पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. दिवाळीपर्यंत रेघ तुटली, सरकली तर भिंत अजून हलते आहे, असे समजा. अशी भेग चुन्याने बुजवून झाकू नका.

नवी दगडी भिंत घालणार असाल तर दर दोन फूट उंचीवर आणि दर चार फूट अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा दगड घाला. गवंड्याला "लांब दगड नाही" म्हणू देऊ नका, नसेल तर सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा चालतो. जुन्या भिंतीलाही भोक पाडून, आकडी वळवलेली सळई आणि काँक्रीट भरून असा टाका घालता येतो. 1993 नंतर आपल्याच भागात ही पद्धत वापरली गेली. पण हे घरच्या घरी पहारीने करायचे काम नव्हे. धक्का न देता एकेक दगड सैल करावा लागतो, त्यासाठी जाणता गवंडी आणि अभियंत्याचा सल्ला हवा. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरकस लाकडी आधार ठोकणे मात्र गावच्या सुताराला सहज जमते.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देण्याचे फॅड आले आहे. तो मातीला धरत नाही, आतली ओल अडकते आणि दोन-चार वर्षांत पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा गव्हाचा भुसा घालून तीन-चार दिवस कुजवलेल्या चिखलाचा गिलावा बरा.

चुना असा लावा

चुनकळी लोखंडी पिंपात विझवा. प्लास्टिकच्या बादलीत नको, उष्णतेने ती वितळते. एक किलो चुनकळीला साधारण पाच लिटर पाणी धरा. चोवीस तास मुरू द्या, मग जाड्याभरड्या कापडातून गाळा. दर लिटरला चार ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, म्हणजे पांढरे हाताला लागत नाही. नीळ अगदी चिमूटभर. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. विझवताना लेकरांना लांब ठेवा. डोळ्यांत उडाला तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवत राहा आणि दवाखाना गाठा.

पत्र्यावरचे दगड

माळवद नसेल, पत्रा असेल, तर वर पाहा. वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेले धोंडे तिथे आहेत ना? 2024 च्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनानेही ते काढून घेण्याचे आवाहन केले होते. दहा किलोचा धोंडा झोपलेल्या लेकरावर पडायला भूकंपही लागत नाही, वादळ पुरते. पत्र्याला आकडी बोल्ट आणि वायसर लावून घ्या. खर्च एका पोत्याच्या खताइतकाही येत नाही.

अंथरुणाच्या उशाशी पितळी भांड्यांची उतरंड, वर फळीवर लोखंडी पेटी, असे असेल तर दसऱ्याचे सामान परत लावताना जागा बदला. जड ते खाली, हलके ते वर. बियाण्याचे सोयाबीन भिंतीला चिकटवून नव्हे, तर हातभर अंतर सोडून लाकडी फळ्यांवर ठेवा. बियाण्याला ओल लागत नाही आणि भिंतीवरही नजर राहते.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच मंडळी आणि ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, त्यांनाही एक सांगणे आहे. घरकुल मंजूर झाले, स्लॅब पडला, म्हणून जुने घर रिकामे झाले असे धरू नका. म्हातारी माणसे गारव्यासाठी जुन्या माळवदाखालीच झोपतात. दसऱ्याच्या आसपास गल्लीनिहाय एक फेरी काढा. पोट सुटलेल्या भिंती, जड माळवदे, धोंड्यांचे पत्रे यांची यादी करा आणि ग्रामसभेत वाचा. अंगणवाडी आणि समाजमंदिरापासून सुरुवात करा. 1993 च्या आधी नकाशावर आपला भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा होता. 2002 साली किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात घातला गेला. कागद बदलायला नऊ वर्षे लागली. माती उतरवायला चार दिवस पुरतात.

बंधूंनो, रंग द्या, तोरणे बांधा, आकाशकंदील लावा. पण त्याआधी पहार घेऊन एकदा माळवदावर चढा आणि माती किती आहे ते मोजा. आमचे आबा आता त्याच माजघरात दुपारी झोपतात. परवा म्हणाले, "गारवा कमी झाला न्हाई रं. उगंच भांडलो तुझ्यासंगं."