गाडीतला टेप बदलताय? आधी कंपनीचा अँप्लिफायर शोधा

मागच्या पावसाळ्यात अम्मीला डोळ्यांच्या तपासणीसाठी इचलकरंजीहून मिरजेला न्यायचं होतं. साडेनऊची वेळ मिळाली होती. भाईजान खाली गेले, चावी फिरवली आणि गाडीतून नुसता टक-टक आवाज आला. बॅटरी संपलेली. तीनच महिन्यांपूर्वी नवी टाकलेली बॅटरी! शेवटी शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली म्हणून वेळ गाठता आली.

गाडी सेकंडहँड, पण चांगली ठेवलेली. चार-पाच दिवस जागेवर उभी राहिली की बॅटरी बसायची. बॅटरीवाला म्हणाला, तुमच्या गाडीतच दोष आहे. एका गॅरेजवाल्याने अल्टरनेटरवर शंका घेतली. शेवटी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर लावला, गाडी लॉक करून अर्धा तास थांबला आणि म्हणाला, "आपा, बॅटरी ठीक आहे. तुमची गाडी झोपतच नाही." मीटरवर ०.६ अँपिअर दिसत होता. बंद गाडीत साधारण ०.०५ च्या आत असायला हवा. मी नववीला विज्ञान शिकवते, हिशोब तिथेच केला. ०.६ गुणिले ९६ तास म्हणजे चार दिवसांत जवळपास ५८ अँपिअर-तास. बॅटरी होती ४५ ची. मग सुरू कशी होणार?

त्याने एकेक फ्यूज काढून बघितला. 'AUDIO' लिहिलेला फ्यूज काढताच आकडा खाली आला. तेव्हा भाईजानना आठवलं, गाडी घेतल्यावर मुलांच्या हट्टापायी कंपनीचा जुना टेप काढून त्यांनी मोठ्या स्क्रीनचा नवा प्लेअर बसवून घेतला होता. स्पीकर कंपनीचेच ठेवले होते. मसला तिथेच होता.

आता मुद्द्याची गोष्ट. साध्या गाडीत आवाज वाढवणारा अँप्लिफायर टेपच्या पोटातच असतो. टेपमधून निघालेल्या वायरी सरळ दरवाजातल्या स्पीकरला जातात. अशा गाडीत टेप बदलणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पण महागड्या मॉडेलमध्ये कंपनी वेगळा अँप्लिफायर देते. तो सीटखाली, डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे किंवा डॅशबोर्डच्या आत लपवलेला असतो. किया सेल्टोस, ह्युंदाई क्रेटाच्या वरच्या मॉडेलमध्ये बोस, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनी, टाटा हेक्सात जेबीएल ही आपल्या रस्त्यावरची उदाहरणं. स्पीकरवर मोठ्या नावाचा बिल्ला असला म्हणजे वेगळा अँप्लिफायर असतोच असं नाही, पण शक्यता वाढते. अशा गाडीत टेप फक्त बारीक सिग्नल आणि "जागा हो" असा हुकूम पाठवतो. ताकद अँप्लिफायर लावतो.

हे ओळखायचं कसं? गाडीच्या पुस्तकातला फ्यूजचा तक्ता काढा. तिथे 'AMP' नावाचा वेगळा फ्यूज दिसला तर जवळपास खात्री. त्याहून पक्की परीक्षा मीटरची. टेप बाहेर काढून त्याच्या मागचा कपलर सोडवा आणि गाडीकडून येणाऱ्या कपलरमध्ये एका स्पीकरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. तीन-चार ओहम आला तर वायर सरळ स्पीकरला गेली आहे. हजारांत आला किंवा भलताच काही दाखवू लागला तर मध्ये अँप्लिफायर बसला आहे. काही मिस्त्री पेन्सिल सेल टेकवून स्पीकर "थप" वाजतो का ते बघतात. सरळ वायर असेल तर चालतं, पण अँप्लिफायरचा संशय असताना मीटरच बरा.

भाईजानच्या गाडीत दुकानदाराने यातलं काहीच केलं नव्हतं. त्याने कंपनीचा कपलर कापला, वायरी पिळून काळी टेप गुंडाळली. नवा प्लेअर सुरू झाला, पण आवाज नाही. साहजिक आहे, अँप्लिफायरला जागं करणारी वायर कुठे जोडलीच नव्हती. मग शोधत शोधत ती वायर त्याला सापडली आणि त्याने ती सरळ पिवळ्या वायरला जोडून दिली.

इथे थोडं रंगांबद्दल सांगते. बाजारातल्या बहुतेक प्लेअरच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी म्हणजे बॅटरीतून कायम करंट. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट. काळी अर्थिंगची. आणि निळी-पांढरी पट्ट्याची वायर म्हणजे अँप्लिफायरला "जागा हो" सांगणारी, जिला मिस्त्री रिमोट वायर म्हणतात. प्लेअर चालू असेपर्यंतच हिच्यात करंट असतो. अँप्लिफायरची वायर हिलाच जोडायची. पिवळीला जोडली तर अँप्लिफायर रात्रंदिवस जागा राहतो आणि बॅटरी पीत बसतो. लालला जोडली तर बॅटरी वाचते, पण चालू-बंद करताना स्पीकरमधून "धप्प" आवाज येण्याची तकलीफ असते. लक्षात ठेवा, हे रंग प्लेअरकडच्या वायरींचे आहेत. गाडीकडच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे रंगाला रंग जोडू नका.

दुसरी गडबड सिग्नलची होती. व्हॉल्यूम आठच्या पुढे नेला की आवाज फाटायचा, आणि गाणं नसतानाही मागे सूंऽऽ असा आवाज राहायचा. मुलांना वाटायचं स्पीकर जुने झाले. खरं कारण असं की प्लेअरमधून आवाज दोन प्रकारे बाहेर पडतो. एक स्पीकरच्या वायरींमधून, जोरदार. दुसरा मागच्या लाल-पांढऱ्या गोल खोबण्यांमधून, ज्यांना आरसीए म्हणतात, तो बारीक. बॉक्सवर '४ x ५० वॉट' छापलेलं असलं तरी प्रत्येक स्पीकरला सलग मिळणारी ताकद १८-२० वॉटच्या आसपास असते. चार ओहमच्या स्पीकरवर १८ वॉट म्हणजे व्होल्टेज किती? १८ ला ४ ने गुणा, वर्गमूळ काढा, साडेआठ व्होल्ट. आरसीएमधून साधारण दोन ते चार व्होल्टच निघतात. बऱ्याच कंपन्यांचे अँप्लिफायर असा बारीक सिग्नल मागतात. त्यांना साडेआठ व्होल्ट देणं म्हणजे कानाजवळ लाउडस्पीकर लावणं. आवाज फाटतो, आणि नशीब खराब असेल तर अँप्लिफायरचं इनपुट जळतं. काही गाड्यांचा अँप्लिफायर मात्र स्पीकरचाच जोरदार सिग्नल घेतो. त्याला आरसीए जोडलं तर आवाज मरतुकडा येतो. म्हणून आपल्या गाडीला कुठला लागतो, हे आधी विचारायचं.

या सगळ्यावर सोपा इलाज म्हणजे गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारा तयार हार्नेस. एका टोकाला कंपनीच्या कपलरसारखा कपलर, दुसऱ्या टोकाला प्लेअरचा. एकही वायर कापावी लागत नाही, आणि उद्या गाडी विकताना जुना टेप परत बसवता येतो. घेताना "कंपनीच्या अँप्लिफायरवाल्या मॉडेलचा" असं स्पष्ट सांगा, कारण त्याच गाडीच्या साध्या मॉडेलचा हार्नेस वेगळा असतो. प्लेअरला आरसीए नसतील तर सिग्नल बारीक करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो. प्लेअरच्या स्पीकरच्या निगेटिव्ह वायरी मात्र एकमेकींना किंवा गाडीच्या बॉडीला कधीच जोडू द्यायच्या नाहीत. त्या अर्थिंगच्या नसतात. प्लेअरची चिप जाते.

कोणी म्हणेल, मग अँप्लिफायरच काढून टाका, प्लेअर सरळ स्पीकरला जोडा. हे ऐकायला बरं वाटतं. पण अशा सिस्टिममधले स्पीकर बऱ्याचदा दोन ओहमचे किंवा त्याहून कमी असतात, आणि प्लेअर चार ओहमच्या हिशोबाने बनवलेला असतो. रेझिस्टन्स निम्मा झाला की करंट दुप्पट. हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. प्लेअर तापतो, मध्येच बंद पडतो, शेवटी जळतो.

काही गाड्यांत माझ्या मते हात घालूच नये. जर्मन महागड्या गाड्यांत टेप आणि अँप्लिफायरमधला सिग्नल फायबर ऑप्टिकमधून डिजिटल जातो. तिथे तांब्याची वायर जोडायला जागाच नाही, खास मॉड्यूल लागतं. आपल्याकडच्या नव्या गाड्यांतही स्क्रीनमध्ये एसीची माहिती, मागचा कॅमेरा, गाडीची सेटिंग सगळं गुंतलेलं असतं. स्क्रीन काढली की काही गाड्यांत पार्किंगचा बीप-बीपही जातो, कारण तोही त्याच स्पीकरमधून येत असतो. कंपनीचा कॅमेरा ठेवणार असाल तर तो किती व्होल्टचा ते बघून घ्या. काही ६ व्होल्टचे असतात, १२ दिले की गेले. गाडी वॉरंटीत असेल तर कापलेली वायर दाखवून कंपनी इलेक्ट्रिकल तक्रार नाकारू शकते. फक्त मोबाइलवरचं ऐकायचं असेल आणि टेपला ऑक्सची खोबण असेल, तर काही शेकड्यांत मिळणारा ब्लूटूथ रिसीव्हर तिथे लावा आणि विषय संपवा. मुलं थोडी नाराज होतील, होऊ द्या.

काम करून घेताना स्वतः उभे राहा. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायला सांगा, थोडा वेळ जाऊ द्या. डॅशबोर्डमधले पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू द्यायचा नाही. काम झाल्यावर पैसे देण्याआधी तो मीटर बॅटरीला लावून घ्या, गाडी लॉक करून वीस-तीस मिनिटं चहा प्या आणि आकडा बघा. मीटर लावलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

भाईजानच्या गाडीला त्या इलेक्ट्रिशियनने भंगारातून त्याच मॉडेलचा कपलर आणला, वायरी सोल्डर केल्या, प्रत्येकीवर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, आरसीएमधून सिग्नल दिला आणि रिमोट वायर तिच्या जागी जोडली. मीटरवर ०.०३ आला. त्यानंतर भाईजान आठ दिवस बाहेरगावी होते, गाडी जागेवरच उभी होती. परत आल्यावर पहिल्या चावीत सुरू झाली. सूंऽऽ आवाज गेला. मागच्या डाव्या दरवाजाचा स्पीकर तेवढा अजून खरखरतो. दारात पाणी जाऊन त्याचा कागद फाटला आहे, तो बदलायचा बाकी आहे.