‘सेनासाहेबसुभा’ ह्या पदवीचा अर्थविचार

नागपूरकर भोसल्यांची ‘सेनासाहेबसुभा’ ही पदवी मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाच्या नजरेखालून इतक्या वेळा गेलेली असते, की तिचा अर्थ विचारावा असे सहसा कोणास सुचत नाही. कोणी विचारलाच, तर ‘सेनेचा व सुभ्याचा अधिपती’ असे ठरीव उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु त्याने पदवीची घटना उलगडत नाही, आणि जिच्यासाठी ह्या घराण्यात भाऊ भावाच्या जिवावर उठला त्या शब्दाचे मोल तर मुळीच कळत नाही.

प्रथम घटना पाहू. पदवीत तीन शब्द आहेत. ‘सेना’ संस्कृत, ‘साहेब’ आणि ‘सुभा’ हे मूळचे अरबी, फारसीच्या द्वारे मराठीत आलेले. फारसीतील ‘सूबा’मधील ‘ब’ मराठीत महाप्राण होऊन ‘सुभा’ झाला आहे. आता ह्या तिहींचा अन्वय कसा लावावयाचा? ‘सेनासाहेब’ हा एक घटक आणि ‘सुभा’ हा दुसरा, असे मराठी कानास सहज वाटते. ह्या वाटण्यास आधारही आहे. कारण मराठी राज्यव्यवहारात ‘सुभा’ हा शब्द प्रांत आणि प्रांताधिकारी ह्या दोन्ही अर्थांनी चालत असे, व बडोदे संस्थानात तर जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास शेवटपर्यंत ‘सुभा’च म्हणत. परंतु मोगली दफ्तरात प्रांताधिकाऱ्यास ‘साहिबे-सूबा’ म्हणत, हे ध्यानी घेतले म्हणजे दुसरा विग्रह अधिक ग्राह्य ठरतो : ‘सेना’ अधिक ‘साहिबे-सूबा’. फारसीतील संबंधदर्शक ‘ए’ मराठीच्या तोंडी गळून पडला आणि उरलेल्या शब्दांपुढे संस्कृत ‘सेना’ येऊन बसली. म्हणजे ह्या पदवीत लष्करी आणि मुलकी असे दोन अधिकार एकत्र बांधलेले आहेत. वऱ्हाड-गोंडवनासारख्या दूरच्या मुलखात स्वतःच्या फौजेनिशी शिरून वसूल करणाऱ्या सरदाराचे तेच खरे वर्णन होते.

येथे एक विसंगती डोळ्यांत भरते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते ह्यांच्याकडून सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले होते, पेशवा मुख्यप्रधान झाला, मजुमदार अमात्य झाला, सरनौबत सेनापती झाला. त्यानंतर अर्धशतकही लोटले नाही, तोच शाहूच्या दरबारात सरलष्कर, सेनाखासखेल, सेनासाहेबसुभा अशा मिश्र पदव्यांची वर्दळ दिसते. ह्याला भाषिक अधःपात म्हणण्याचा मोह अनेकांना झालेला आहे. वस्तुतः कारण साधे आहे. ज्या मुलखात चौथाई वसूल करावयाची, तेथील जमीनदार, गोंड राजे आणि मोगल अंमलदार ह्या सर्वांना पदवी ऐकताच तिचा दर्जा कळणे आवश्यक होते. ‘अमात्य’ ह्या शब्दाने देवगडच्या दरबारात कोणाची भुवई वर गेली नसती. नागपूर शहर वसविणारा गोंड राजा आजही ज्या ‘बख्तबुलंद’ ह्या नावाने ओळखला जातो, ती औरंगजेबाकडून मिळालेली फारसी पदवीच आहे.

‘साहेब’ ह्या शब्दाचा पूर्वेतिहासही मनोरंजक आहे. अरबीत ‘साहिब’ म्हणजे मुळात सोबती. सोबत्यापासून स्वामीपर्यंतचा हा प्रवास एकट्या अरबीचा नाही. लॅटिनमध्ये ‘कोमेस’ म्हणजे सोबती. त्याच्यापासून ‘काउंट’ ही सरदारकीची पदवी निघाली. इंग्लंडातील प्रारंभीच्या अँग्लो-सॅक्सन राज्यांत राजाच्या पदरच्या कुलीन पुरुषास ‘गेसिथ’ म्हणत, आणि त्याचाही अर्थ सोबतीच. राजाच्या जवळ असणे हीच जेथे प्रतिष्ठा, तेथे तीन परस्परभिन्न भाषा एकाच वाटेने गेल्या ह्यात नवल नाही.

अँग्लो-सॅक्सन राज्यांचा उल्लेख येथे केवळ ह्या साम्यापुरता नाही. पदव्या कशा वाचाव्यात ह्याविषयी तेथील अभ्यासकांनी जी दक्षता घेतली आहे, ती आपल्याकडील साधनांनाही लागू पडते. नवव्या शतकातील वेसेक्सचा राजा एग्बर्ट ह्याला तेथील बखरीत ‘ब्रेत्वाल्दा’ म्हटले आहे. ह्या एका शब्दावरून सर्व ब्रिटनचे अधिराज्यपद अस्तित्वात होते असे मानण्याचा प्रघात पडला. पुढे निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद पाहता, ते नियमित पद नसून बखरकाराने केलेला गौरव असावा असे मत बळावले. ह्याहून बोलका दाखला ह्विचे नामक लहान राज्याचा आहे. त्याचे अधिपती स्वतःस राजे म्हणवीत. आठव्या शतकात मर्सियाच्या ऑफाचे वर्चस्व वाढले, तेव्हा त्याच्या दानपत्रांत तेच घराणे ‘उपराजा’ आणि ‘आपल्या लोकांचा सेनानी’ अशा शब्दांनी येऊ लागले, आणि अखेर राजपद पार लोपून तेथे ‘एअल्डोर्मन’ म्हणजे प्रांताधिकारी तेवढा उरला. ह्या अवनतीची पुष्कळशी नोंद दानपत्रांतील विशेषणांतच आहे. पदवी जितकी धारण करणाऱ्याविषयी सांगते, तितकीच ती लिहिणाऱ्याविषयीही सांगते.

हे सूत्र हाती घेऊन नागपूरकडे वळावे. परसोजी भोसल्यास ही पदवी राजारामाच्याच कारकीर्दीत मिळाली अशी परंपरा आहे; १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूस तो प्रथम येऊन मिळाला आणि शाहूने त्याच्या घराण्याकडे ती कायम केली. पुढे कान्होजीकडून ती रघूजीकडे आली. रघूजीने बंगालपर्यंत स्वाऱ्या केल्या, नागपुरास राजधानी केली, गोंड राजा बुऱ्हाणशहा ह्यास नाममात्र गादीवर ठेवून सर्व सत्ता स्वतःकडे घेतली. तरी त्याची पदवी छत्रपतींच्या सेवकाचीच राहिली. १७५५ मध्ये तो वारल्यावर वारशाचा तंटा झाला, तेव्हा तडजोडही पदव्यांच्या द्वारेच करावी लागली : जानोजीस सेनासाहेबसुभा, मुधोजीस चांद्याच्या प्रदेशासह ‘सेनाधुरंधर’. सेनाधुरंधर हा शुद्ध संस्कृत समास कानांस अधिक भारदस्त वाटतो खरा. पण त्यात ‘सुभा’ नाही, म्हणजे प्रांताचा मुलकी अधिकार नाही. मुधोजीस हा फरक चांगला कळत असावा. १७७२ मध्ये जानोजी वारला आणि साबाजी व मुधोजी ह्या भावांत युद्ध जुंपले. पुण्यातील पक्ष बदलत तसा पदवीचा कौलही बदले. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजीच्या हातून ठार झाला, आणि पदवी मुधोजीचा पुत्र रघूजी ह्याच्याकडे निर्वेधपणे आली.

इंग्रजांना ह्या शब्दाचे महत्त्व लवकर उमगले. १८०३ च्या देवगावच्या तहात रघूजीच्या नावामागे ही पदवी भाषांतर न करता तशीच घातलेली आढळते. चौदा वर्षांनी तिच्या मागे असलेला संबंध त्यांना प्रत्यक्ष भोवला. खडकीची लढाई होऊन पेशव्याचे इंग्रजांशी उघड युद्ध सुरू झाले असता, २४ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेबाने पेशव्याकडून आलेली मानवस्त्रे भर दरबारात स्वीकारली. त्याबरोबर मराठी फौजांचे सेनापतिपद दिले होते, असे इंग्रज लेखक नोंदवितात. रेसिडेंट जेंकिन्स ह्याला समारंभाचे आमंत्रण होते. त्याने ते नाकारले. दोनच दिवसांनी सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुरू झाल्या. वस्त्रांचा स्वीकार हा निव्वळ शिष्टाचार होता असे मानणाऱ्याने ह्या दोन दिवसांचे अंतर मोजून पाहावे.

सीताबर्डीनंतरची सर्वांत सूचक गोष्ट मात्र रणांगणावरची नसून तहातील एका कलमाची आहे. तिसऱ्या रघूजीशी १८२६ मध्ये जो तह झाला, त्यात त्याने सातारच्या राजाशी व इतर मराठी सत्तांशी असलेला संबंध सोडावा, आणि सेनासाहेबसुभा ह्या पूर्वीच्या स्थितीचे द्योतक असे सर्व विधी व उपचार बंद करावेत असे मान्य करून घेण्यात आले. पेशवाई बुडून आठ वर्षे झाली होती. सातारचा राजा कंपनीच्या कृपेवर होता. मग एका निष्प्राण उपचाराची एवढी धास्ती का? कारण तो उपचार शिल्लक असेपर्यंत नागपूरच्या गादीचे मूळ छत्रपतींच्या सनदेत होते. तो गेल्यावर ‘नागपूरचा राजा’ हे वरकरणी अधिक थोर वाटणारे नाव उरले खरे; पण त्या राजेपणाला कंपनीच्या तहाखेरीज दुसरा आधार उरला नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी निपुत्रिक वारला, तेव्हा कंपनीने दिलेले राज्य कंपनीकडे परत आले असे प्रतिपादन करणे डलहौसीस सोपे गेले, त्यात ह्या कलमाचाही वाटा मानावा लागतो. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले.

१८५७ नंतर दत्तक जानोजीस सरकारने ‘राजेबहादूर’ ही पदवी दिली. ‘राजे’ संस्कृत, ‘बहादूर’ फारसीतून आलेला. शब्दांची मिसळ जुन्याच पद्धतीची आहे. मात्र तीत सेना नाही, सुभा नाही, आणि नागपूरही नाही. ही पदवी देऊर येथील होती, आणि देऊर हे सातारा जिल्ह्यातील एक गाव आहे.