भातकापणीचे पहिले धडे

कोकणात ऑक्टोबरात हळवं-निमगरवं भात तयार होऊ लागतं. सेंद्रिय शेतावर शिकाऊ म्हणून राहिलेल्यांची खरी शाळा तेव्हाच भरते.

● वेळ : लोंबीतले 80 ते 90 टक्के दाणे पिवळे झाले की विळा लावायचा. उशीर झाला, तर दाणे शेतातच झडतात.

● कापणी : दातेरी ‘वैभव’ विळ्याने, अगदी जमिनीलगत. उंच राहिलेल्या धसकटांत खोडकिड्याच्या अळ्या तग धरतात. रासायनिक फवारणी करायची नसल्याने ही काळजी इथे मोलाची.

● बियाणं : कापणीआधीच निरोगी, भेसळ नसलेल्या लोंब्या निवडून वेगळ्या बांधायच्या.

● वाळवण : दाण्यातला ओलावा 12 ते 14 टक्क्यांवर आणायचा. दाताखाली दाणा कट्कन तुटला की तो वाळला, ही जुनी कसोटी.

● साठवण : रासायनिक खताच्या रिकाम्या गोण्या वर्ज्य. धान्यात कडुनिंबाचा सुकवलेला पाला घालतात.

● प्रमाणपत्र : राष्ट्रीय निकषांनुसार हंगामी पिकांसाठी सेंद्रिय शेतीत रूपांतराचा काळ साधारणपणे 2 वर्षांचा असतो.

जाताना लांब बाह्यांचा सदरा मात्र न्याच. भाताची पात हात चांगलेच ओरबाडते.