खुब्याचं ऑपरेशन रोबोट करत नाही

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मोठ्या ऑपरेशनला मिरज गाठायची सवय या मुलखाला लागली. आता खुब्याचा बॉल बदलायचा ठरला की सातारा-सांगलीतल्या घरांत विचारलं जातं, ‘रोबोटनं करायचं का?’ यंत्र ऑपरेशन करतं आणि डॉक्टर नुसते पाहतात, अशी समजूत त्यामागे असते.

ती चुकीची आहे. चीर देणं, झिजलेला गोळा काढणं, टाके घालणं, सगळं सर्जनच करतात. १९९२ मध्ये अमेरिकेत सॅक्रामेंटोला वापरलेला ‘रोबोडॉक’ मांडीच्या हाडातली पोकळी स्वतः कोरायचा. आज प्रचलित असलेल्या यंत्रात हत्यार सर्जनच्या हातात असतं, रोबोटचा हात ते फक्त ठरलेल्या मर्यादेत राखतो.

त्याचं खरं काम आहे गोळा जिच्यात बसतो त्या वाटीचा कोन. आधी सीटी स्कॅनवरून आराखडा होतो. ऑपरेशनमध्ये हाडात पिना बसवून त्यावरच्या खुणा कॅमेरा टिपतो. वाटी साधारण ४० अंश कललेली आणि १५ अंश पुढे वळलेली असावी, दोन्हींत १० अंश इकडेतिकडे चालतील, हा ठोकताळा १९७८ पासूनचा. यंत्राच्या मदतीनं वाटी नेमक्या कोनात बसण्याचं प्रमाण वाढतं. जन्मजात उथळ खुबा किंवा जुन्या मोडीनं बिघडलेलं हाड असेल तर हा मोठा आधार आहे. पण कोन बरोबर म्हणजे सांधा निखळणारच नाही, असं मात्र नाही. बसताना कंबरेचं हाड कलतं. पाठीचा कणा आखडलेला असेल तर गणित बदलतं.

रोबोटनं बसवलेला सांधा जास्त वर्षं टिकतो, हेही सिद्ध झालेलं नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१९ च्या अभ्यासात सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षं टिकलेले आढळले, ती ऑपरेशनं या यंत्रांच्या आधीची. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालणंही नेहमीच्या पद्धतीत होतंच.

मला काळजी वाटते ती मोरीत घसरून खुबा मोडलेल्या आजींची. अशा वेळी बऱ्याचदा फक्त बॉल बदलतात, वाटी तशीच राहते. म्हणजे रोबोटचं मुख्य कामच उरत नाही. तब्येत साथ देत असेल तर हे ऑपरेशन शक्यतो ४८ तासांत व्हावं. जसजसे दिवस जातात तसतसा न्यूमोनियाचा आणि अंथरुणातल्या जखमांचा धोका वाढतो. रोबोटवाल्या दवाखान्यासाठी त्यांना ताटकळत ठेवू नका.

खर्च ठरवताना सांधा, सीटी आणि यंत्राचं शुल्क वेगवेगळं लिहून मागा. केंद्रानं ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली ती गुडघ्यांसाठी. खुबा त्या आदेशात नव्हता.