कॉस्मियमचा नियम: पुण्यात घडलेला भविष्यकाळातील नेमबाजीचा खेळ

नेमबाजीच्या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग बाजारात येतो, तेव्हा त्यात नवे काय आहे हे सांगणाऱ्या जाहिराती बहुधा शस्त्रांची संख्या, नकाशाचा आकार आणि चित्रांची सफाई यांच्यापलीकडे जात नाहीत. वास्तविक असा खेळ खऱ्या अर्थाने नवा होतो तो त्याच्या नियमांतील एखादा मूलभूत नियम बदलल्यावरच. पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीने १६ ऑक्टोबर २०२४ रोजी मोबाइलसाठी प्रसिद्ध केलेला ‘इंडस’ हा विज्ञानकथेच्या वळणाचा खेळ या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. तो रूढ अर्थाने कोणत्याही खेळाचा दुसरा भाग नाही. मात्र ‘मास्कगन’ या, अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या नेमबाजीच्या खेळाचा अनुभव याच कंपनीच्या गाठीशी होता आणि जगात गाजलेल्या एका संपूर्ण खेळप्रकाराची पुढची पायरी म्हणूनच ‘इंडस’ची आखणी झाली, हे लक्षात घेतले तर ‘पुढच्या भागा’ची कसोटी त्याला लावणे अन्यायाचे ठरत नाही.

या कसोटीचे मूळ या खेळांच्या इतिहासातच सापडते. १९९३ साली आलेल्या ‘डूम’ने खेळाडूला पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे दृश्य पडद्यावर दाखवून, म्हणजे ज्याला ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात त्या पद्धतीने, मंगळाच्या उपग्रहांवर दैत्यांशी लढायला लावले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘डूम २’मध्ये चित्रे रंगवणारी मूळ संगणकीय यंत्रणा जवळजवळ तीच होती आणि लोकांच्या लक्षात राहिली ती दुनळी बंदूक. परंतु त्या भागातील अधिक महत्त्वाची भर होती ‘आर्च-व्हाइल’ नावाचा शत्रू, जो मारून पाडलेल्या इतर शत्रूंना पुन्हा उठवीत असे; त्यामुळे मेलेला शत्रू मेलेलाच राहतो ही खेळाडूची खात्री नाहीशी झाली आणि आधी कोणाला मारायचे, हा तोवर दुय्यम असलेला प्रश्न अचानक निर्णायक ठरला. दुनळी बंदुकीने खेळ अधिक रंगतदार केला एवढेच. डावपेच बदलले ते या एका शत्रूने.

दहा वर्षांनी, २००४ च्या नोव्हेंबरमध्ये, एका आठवड्याच्या अंतराने दोन विज्ञानकथात्मक नेमबाजीच्या खेळांचे दुसरे भाग प्रसिद्ध झाले आणि दोघांनीही नियम बदलले, परंतु दोन वेगळ्या ठिकाणी. ‘हाफ-लाइफ २’मध्ये वजन, घर्षण, तरंगणे, कोसळणे यांची गणिते क्षणोक्षणी सोडवणारी भौतिकी यंत्रणा खेळाच्या गाभ्याशी आणली गेली आणि तिचा उपयोग करण्यासाठी खेळाडूच्या हाती ‘ग्रॅव्हिटी गन’ देण्यात आली. या साधनातून गोळी सुटत नसे, तर समोरची वस्तू ओढून घेता येई आणि तितक्याच जोराने भिरकावता येई, त्यामुळे खोलीतील पिंप, करवतीचे पाते किंवा साधे रेडिएटरसुद्धा शस्त्र बनले. ‘हॅलो २’ने दोन्ही हातांत दोन बंदुका देण्याची आणि शत्रूचे धावते वाहन बळकावण्याची सोय केली हे खरे, पण त्याचे चिरस्थायी काम पडद्यामागचे होते. तोवर इंटरनेटवर खेळू इच्छिणाऱ्याला सर्व्हरची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकांची, यादी चाळून स्वतः एक निवडावा लागे. ‘हॅलो २’ने साधारण समान कौशल्याचे प्रतिस्पर्धी आपोआप जुळवून देण्याची पद्धत लोकप्रिय केली. आज मोबाइलवरचे एक बटण दाबून सामना सुरू करणाऱ्या मुलाला ही पद्धत कोणीतरी कधीतरी घडवली असेल, अशी शंकाही येत नाही.

‘इंडस’ ज्या प्रकारात मोडतो त्या ‘बॅटल रॉयल’चा नियम थोडक्यात असा: अनेक खेळाडू एका विस्तीर्ण, ओसाड प्रदेशात रिकाम्या हातांनी उतरतात, मिळेल ते शस्त्र गोळा करतात, सुरक्षित क्षेत्राचे वर्तुळ ठरावीक वेळाने आकसत जाते आणि शेवटी जो खेळाडू किंवा जी तुकडी जिवंत राहते ती विजयी ठरते. २०१७ साली आलेल्या ‘पबजी’ने हा प्रकार जगभर नेला, त्याच्या पहिल्या नकाशाची बाजू आठ किलोमीटर होती आणि एका सामन्यात शंभर खेळाडू उतरत. भारतात त्याची मोबाइल आवृत्ती गावोगाव पोहोचलेली असतानाच २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात तीही गेली, आणि भारतीय खेळनिर्मात्यांना एक मोकळी जागा काही काळ दिसली. ती फार काळ मोकळी राहिली नाही. जुलै २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ या नावाने तोच खेळ नव्या व्यवस्थेत परतला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘पबजी’चा भविष्यकाळात घडणारा पुढचा भागही आला. ‘न्यू स्टेट’ नावाच्या या खेळात काळ २०५१ चा होता, ट्रॉय नावाचे शहर होते, ड्रोन होते, अंगासमोर उभारता येणारी ढाल होती, शस्त्रांत फेरफार करण्याचे संच होते, आणि जायबंदी झालेल्या शत्रूला आपल्या तुकडीत भरती करून घेण्याची मुभाही होती. यातील शेवटची गोष्ट खरोखर नवी होती, कारण तिने शत्रू आणि सहकारी यांतील रेषा सामना चालू असताना हलती केली. दुर्दैवाने ती इतर भरजरी नावीन्याच्या गर्दीत हरवली. शेवटी उरतो तो कोण, हा मूळचा प्रश्न मात्र ‘न्यू स्टेट’ने तसाच ठेवला.

‘इंडस’ने नेमक्या याच प्रश्नाला हात घातला आहे. त्याची कथा सांगायला सोपी आहे: ‘कोव्हेन’ नावाची एक गूढ संघटना ‘मिथवॉकर’ म्हटल्या जाणाऱ्या भाडोत्री लढवय्यांना विरलोक नावाच्या प्रदेशात पाठवते आणि तेथील कॉस्मियम नावाचे दुर्मीळ खनिज मिळवायला सांगते. या खनिजाचे काम कथेपुरते राहिले असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु सामना अखेरच्या टप्प्यात पोहोचला की कॉस्मियम प्रत्यक्ष मैदानात प्रकटते आणि जो ते ताब्यात घेईल तो, इतर खेळाडू जिवंत असले तरी, सामना जिंकतो. म्हणजे सर्वांना संपवून उरणे हा विजयाचा एकमेव मार्ग राहत नाही.

वरवर लहान वाटणाऱ्या या बदलाचे परिणाम दूरवर जातात. बॅटल रॉयलमधील जुना, सर्वांना ठाऊक असलेला दोष असा की त्यात लपून बसणे हा उत्तम डाव ठरतो. कुशल खेळाडू एकमेकांना मारत असताना एखादा कच्चा खेळाडू गवतात आडवा पडून राहतो आणि शेवटच्या दोघांत जाऊन पोहोचतो. आकसणारे वर्तुळ हे यावरचे औषध मानले गेले, पण ते लपणाऱ्याला फक्त जागा बदलायला लावते, उघड्यावर यायला लावत नाही. कॉस्मियम दिसू लागताच लपलेल्याची स्थिती पालटते: तो पडून राहिला तर दुसरा कोणी जाऊन सामना संपवील आणि पुढे गेला तर सर्वांच्या नजरा व नळ्या ज्या जागेवर रोखलेल्या आहेत तेथेच त्याला पाऊल टाकावे लागेल. त्याच वेळी, गोळीबारात मागे असलेल्या परंतु वेळेचा अंदाज अचूक असणाऱ्या तुकडीलाही जिंकण्याची वाट मिळते. ध्वज पळवण्याच्या किंवा ठाणे राखण्याच्या जुन्या खेळप्रकारांतील तत्त्व येथे शेवटचा उरण्याच्या तत्त्वावर कलम केले आहे. हे तत्त्व सर्वस्वी नवीन नाही; पण कलम योग्य फांदीवर बसले आहे, असा निर्वाळा देता येतो.

‘ग्रज’ म्हणजे सुडाची नोंद ठेवणारी सोय हे दुसरे वैशिष्ट्य. अनोळखी माणसांशी जोडून देणाऱ्या यंत्रणेमुळे या खेळांतील प्रतिस्पर्धी एका सामन्यापुरता असतो व नंतर कायमचा नाहीसा होतो. ‘ग्रज’मुळे मारणाऱ्याचे नाव लक्षात ठेवून त्याच्याशी पुन्हा गाठ घालून घेण्याची शक्यता निर्माण होते. तालमींच्या जुन्या चुरशी ज्यांनी पाहिल्या आहेत त्या कोल्हापूरकरांना तिचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

पात्रांच्या बाबतीत मात्र प्रशंसा आवरती घ्यावी लागते. सर-ताज, बिग-गज अशी नावे, मुकुट, हत्ती, मोर, मंदिरांची वळणे आणि त्यांना जोडलेले धातूचे भविष्यकालीन अवयव हे सारे नेत्रसुखद आहे, आणि वसाहतवादाने खुंटवली नसती तर भारतीय कला-तंत्राची वाढ कोणत्या दिशेने झाली असती हा त्यामागचा विचारही आकर्षक आहे. पण विज्ञानकथा म्हणून पाहिले तर प्रकरण तोकडे पडते. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवून ज्या मराठी विज्ञानकथेला नवे बळ दिले, तिची शिस्त अशी की एक वैज्ञानिक गृहीतक धरायचे आणि त्यातून जे निष्पन्न होईल ते निष्ठेने मांडायचे. कॉस्मियम खनिज आहे म्हणजे काय, त्याने काय घडते, याचे उत्तर खेळाच्या नियमांत मिळते, विज्ञानात नाही.

या खेळाचा अनुभव शहरापासून दूर राहणाऱ्या खेळाडूसाठी कसा ठरतो, हे बऱ्याच अंशी चित्रांवर नव्हे तर इंटरनेटच्या जाळ्यावर अवलंबून असते. कोल्हापूरच्या दक्षिणेला कळंबा तलावाच्या परिसरात बसून कोणी खेळतो आणि खेळाचा सर्व्हर मुंबईत आहे, असे समजू. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर भरते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे तारेचा मार्ग दुप्पट लांबीचा धरला तरी संदेश तीन सहस्रांश सेकंदात पोहोचायला हवा. प्रत्यक्षात पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा वेळ, याच्या कितीतरी पट निघतो, कारण मोबाइल मनोऱ्यावर आपली पाळी येण्याची वाट पाहणे, वाटेतील यंत्रांवरची गर्दी आणि सर्व्हरचे स्वतःचे काम यांत खरा वेळ जातो. कळंब्यातील खेळाडूचे दुखणे म्हणून अंतर नसते, मनोऱ्यावरची गर्दी असते. संध्याकाळी सगळेच मोबाइल उघडून बसले की पिंग वाढते.

या विलंबावर खेळनिर्मात्यांनी काढलेला तोडगा मोठा चतुर आहे. मोबाइल स्वतःच्या पात्राची हालचाल सर्व्हरची परवानगी येण्याआधीच दाखवून टाकतो आणि नंतर तफावत निघाल्यास दुरुस्त करतो. गोळीबाराच्या वेळी अनेक खेळांचे सर्व्हर काळ किंचित मागे नेतात: गोळी झाडणाऱ्याने घोडा ओढला त्या क्षणी त्याच्या पडद्यावर शत्रू कोठे दिसत होता याचा हिशेब करून नेम लागला की नाही ते ठरवतात. त्यामुळे मारणाऱ्याला न्याय मिळतो, पण मरणाऱ्याला आपण भिंतीआड पोहोचल्यावरही गोळी लागली असे दिसते, आणि फसवणुकीची तक्रार सुरू होते. दोघांचे पडदे दोन वेगळे क्षण दाखवत असताना दोघांनाही पटेल असा निवाडा उपलब्धच नसतो. कोणाच्या बाजूने झुकायचे, हे खेळ घडवणाऱ्याला ठरवावे लागते.

नेमाच्या बाबतीतही असाच छुपा न्याय चालतो. काचेवर अंगठा सरकवून नेम धरणे माउसच्या तुलनेने फारच ओबडधोबड असल्यामुळे मोबाइलवरील बहुतेक खेळ ‘एम असिस्ट’ देतात, म्हणजे नेमाचे चिन्ह शत्रूजवळ आले की ते थोडे मंदावते किंवा किंचित ओढले जाते. मोबाइल तिरका करून नेम सुधारण्याची सोयही असते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातील दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि तेथे कोणतेही यंत्र नेमाला हात लावत नाही. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत या नेमबाजांच्या कोल्हापूर शहरात पडद्यावरच्या खेळाला नेमबाजी म्हणताना थोडे अडखळायला होते; हे मुख्यतः वेळ, जागा आणि धोका यांच्या हिशेबाचे खेळ आहेत.

‘इंडस’सारखा खेळ मोफत उतरवून घेता येतो आणि उत्पन्न येते ते ‘स्किन’, म्हणजे पात्रांचे व शस्त्रांचे पोशाख, आणि ‘बॅटल पास’, म्हणजे ठरावीक मुदतीत बक्षिसे उघडत नेणारी वर्गणी, यांच्या विक्रीतून. या अर्थव्यवस्थेत दुसरा भाग काढण्याचे कारणच उरत नाही. जुना खेळ मोडून नवा विकण्याऐवजी तोच खेळ हंगामागून हंगाम नव्या सामग्रीने भरत राहणे फायद्याचे ठरते. पोशाख विकता येतो, नियम विकता येत नाही. शिवाय एक नियम बदलला की प्रत्येक शस्त्राची ताकद, नकाशातील प्रत्येक आडोसा आणि सामन्याची लांबी पुन्हा जुळवावी लागते, आणि जुन्या डावपेचांत पारंगत झालेले खेळाडू नाराज होतात ते वेगळेच. मोराच्या पिसाऱ्याचे नवे चिलखत दर हंगामात येत राहिले आणि कॉस्मियमच्या तोडीचा दुसरा नियम यायला उशीर लागला, तर त्याचे कारण या हिशेबात शोधावे लागेल.