रक्तदाब चाळीस: पण कशामुळे?

यकृत प्रत्यारोपणातला सर्वांत बाका क्षण येतो तो नवे यकृत जागेवर शिवून झाल्यावर. सर्जन पोर्टल व्हेनवरचा, म्हणजे आतड्यांकडून यकृताला रक्त आणणाऱ्या शिरेवरचा क्लॅम्प सोडतात आणि बर्फात राहिलेल्या अवयवातून थंड, आम्लधर्मी, पोटॅशियमयुक्त रक्त थेट हृदयाकडे धावते. ईसीजीवरच्या टी-लहरी टोकदार होतात, ठोके मंदावतात, रक्तदाब कोसळतो. पहिल्या पाच मिनिटांत सरासरी दाब ३० टक्क्यांहून अधिक घसरून निदान मिनिटभर तसाच राहिला, तर त्याला ‘पोस्ट-रिपर्फ्यूजन सिंड्रोम’ म्हणतात.

मुळात सिरॉसिसच्या रुग्णाचे हृदय फसवे असते. रक्तवाहिन्या सैलावलेल्या असल्याने ते मिनिटाला भरपूर रक्त फेकते, तरी दाब कमीच राहतो. विश्रांतीत दमदार वाटणारे हे हृदय ताण आला की कच खाते.

१९६३ साली डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी पहिले प्रत्यारोपण केले, तेव्हा रुग्ण टेबलावरच रक्तस्रावाने दगावला. पुढे १९७० मध्ये हृदयाचे काम मोजणारा स्वान-गान्झ कॅथेटर आला. टोकाला इवलासा फुगा असलेली ही नळी रक्ताच्या ओघाबरोबर हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुप्फुसाच्या धमनीत पोहोचते. तिथला दाब कळणे मोलाचेच. तो सरासरी ५० मिलिमीटरच्या वर असेल, तर प्रत्यारोपण सहसा पुढे नेत नाहीत. रक्ताचा प्रवाह मात्र ही नळी तापमानातल्या बदलावरून मोजते. क्लॅम्प सुटताच थंड रक्त आले की नेमका तोच हिशेब बिघडतो.

पुढे मनगटातल्या धमनीच्या लहरीवरून प्रवाहाचा अंदाज बांधणारी यंत्रे आली. ती सोयीची खरी, पण सैल रक्तवाहिन्यांपुढे त्यांची गणिते चुकतात.

म्हणून आज अन्ननलिकेतून केल्या जाणाऱ्या इकोचा, म्हणजे टीईईचा आग्रह वाढतो आहे. समजा, सरासरी दाब साठवरून चाळीसवर आला. पडद्यावर डावा कप्पा रिकामा दिसला, तर रक्त किंवा सलाइन द्यायचे. उजवा कप्पा फुगून थकलेला दिसला, तर तेच सलाइन घातक ठरते. कप्पा भरलेला आणि आकुंचनही जोरकस असेल, तर वाहिन्या आवळणारे औषध हवे. हृदयात तरंगणारी गुठळी दिसली, तर सगळाच बेत बदलतो. आकडा एकच, उपचार चार. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांमुळे प्रोब घालताना रक्तस्रावाची धास्ती असते. तो अलगद हाताळावा लागतो आणि प्रतिमा वाचणारा तयारीचा लागतो.

भारतात १९९८ साली पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. आपल्याकडे बहुतेक यकृते जिवंत दात्याची असतात. त्यात रुग्णाची महाशीर जागेवरच राखतात, त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त एकदम तुटत नाही. मात्र यकृताचा तुकडा लहान असेल, तर पोर्टल व्हेनचा लोंढा त्याला झेपत नाही. अशा वेळी पोट बंद करण्यापूर्वी डॉप्लरने पोर्टल व्हेन आणि यकृताची धमनी या दोन्हींतला प्रवाह तपासतात.

नातेवाईक सर्जनची कीर्ती आवर्जून विचारतात. हा दाब सांभाळत भूल कोण देणार आणि टीईई कोण वाचणार, हेही त्यांनी तितक्याच आवर्जून विचारावे.