अर्धस्वयंचलित रायफल : भरण व उत्क्षेपणातील दोष

चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटते, परंतु रिकामे काडतूस बाहेर फेकले जाऊन पुढील काडतूस आपोआप भरले जाते, अशा रायफलीस अर्धस्वयंचलित किंवा स्वयंभरण रायफल म्हणतात. .३०३ ली-एन्‌फील्डसारख्या हातबोल्टाच्या रायफलीत ही कामे सैनिक स्वतःच्या हाताने करतो. त्यामुळे काडतूस अडल्यास ते त्याच्या हाताला तत्काळ जाणवते. स्वयंभरण रायफलीत हीच कामे दारूच्या ज्वलनातून निर्माण होणारा वायू सेकंदाच्या अल्पांशात उरकतो. त्यांपैकी एखादी क्रिया अपुरी राहिली की रायफल अडते. सैनिकी व पोलीस प्रशिक्षणात अशा अडथळ्यास ‘रोक’ म्हणतात. नवी रायफल वापरात येते, त्या वेळी असे दोष विशेषत्वाने आढळतात.

कार्यपद्धती : भारतातील या प्रकारची सर्वपरिचित रायफल म्हणजे ७·६२ मिमी. १ ए एसएलआर होय. बेल्जियममधील एफएन कंपनीच्या द्यूदोने सेव्ह या अभिकल्पकाने तयार केलेल्या एफएएल रायफलीवर ती आधारलेली असून तिचे उत्पादन पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात १९६० नंतरच्या दशकात सुरू झाले. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात भारतीय पायदळाचा मुख्य भर .३०३ रायफलीवर होता. त्यानंतर तिची जागा क्रमाक्रमाने एसएलआरने घेतली. तिच्या मॅगझीनमध्ये २० काडतुसे मावतात.

गोळी नळीतून पुढे जात असता काही वायू नळीच्या छिद्रातून वरच्या वायुकोष्ठात शिरतो व दट्ट्या मागे ढकलतो. दट्ट्याच्या आघाताने वाहक मागे सरकून ब्रीच-ब्लॉकची मागची बाजू उचलतो व कुलूप उघडते. ब्लॉकवरील आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, रिकाम्या काडतुसाची कड धरून ते चेंबरमधून ओढतो; हे निष्कर्षण. मागे येणारे काडतूस चौकटीत पक्क्या बसविलेल्या इजेक्टरवर आदळून बाहेर फेकले जाते, हे उत्क्षेपण. दस्त्यातील दाबली गेलेली स्प्रिंग मग ब्लॉकला पुढे रेटते, तो मॅगझीनमधील वरचे काडतूस चेंबरमध्ये ढकलतो, हे भरण. या साखळीतील प्रत्येक कडी आधीच्या कडीवर अवलंबून असते. म्हणूनच भरणात दिसणाऱ्या दोषाचे मूळ पुष्कळदा वायूच्या अपुऱ्या दाबात असते.

भरणातील दोष : यांचे सर्वांत सामान्य कारण रायफल नसून मॅगझीन असते. मॅगझीनचे ओठ वाकलेले असल्यास काडतूस खाली अथवा तिरपे राहते. स्प्रिंग मंद असल्यास ते वेळेवर वर येत नाही. मॅगझीन पूर्ण न बसल्यास ब्लॉक त्यावरून कोरडाच निघून जातो. दोषाचा उगम ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे मॅगझीनांना क्रमांक देऊन ती आलटून पालटून वापरणे. दोष एकाच मॅगझीनबरोबर फिरत असेल, तर ते बाजूला काढावे. सर्व मॅगझिनांत आढळत असेल, तर शोध रायफलीत घ्यावा. ब्लॉक पुरेसा मागे न गेल्यास तो पुढील काडतूस उचलू शकत नाही व चेंबर रिकामेच बंद होते. चेंबरकडे जाणाऱ्या उतारावरील धातूची कुसळे, घासलेले वा वाकलेले काडतूस हीही कारणे असतात.

निष्कर्षण व उत्क्षेपणातील दोष : रिकामे काडतूस चेंबरमध्येच अडकून राहिल्यास चेंबरमधील मळ, गंज किंवा खडबडीतपणा, आकड्याची झीज अथवा त्याच्या स्प्रिंगचा अशक्तपणा तपासावा लागतो. वायू प्रमाणाबाहेर असल्यास ब्लॉक फार लवकर उघडतो; काडतूस अद्याप चेंबरच्या भिंतीस चिकटलेले असता आकडा ते ओढू पाहतो व त्याची कड फाटते. याउलट काडतूस चेंबरमधून निघून पुढे येणाऱ्या ब्लॉकखाली चिमटले जाऊन खिडकीत उभे राहत असेल, तर ब्लॉकची मागची दौड सामान्यतः अपुरी असते. बाहेर पडलेली काडतुसे चांगली साक्ष देतात : ती पायाशीच पडत असल्यास वायू कमी, फार दूर व जोराने उडत असल्यास तो जास्त, असे अनुमान करता येते.

वायूचे नियमन : एफएएल कुळातील रायफलीत वायुनियंत्रक उघडा असल्यास जादा वायू बाहेर निसटतो, तो बंद करीत गेल्यास दट्ट्यावरील दाब वाढतो. म्हणून नियंत्रक प्रथम पूर्ण उघडून गोळी झाडतात व रायफल स्वतः भरू लागेपर्यंत तो एकेक खाच बंद करीत जातात. त्यानंतर मळ व थंडी यांसाठी राखीव म्हणून आणखी एकदोन खाचा दिल्या जातात. वायुकोष्ठाच्या तोंडचा प्लग ग्रेनेड फेकण्याच्या स्थितीत राहिल्यास वायुमार्ग बंद होऊन रायफल एकदाच उडते. दोष वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात साधी विसर असते.

नव्या रायफलीची तपासणी : साठवणीसाठी लावलेले घट्ट ग्रीज चेंबर, वायुछिद्र व दट्ट्यात राहिल्यास पहिल्याच दिवशी रोक निर्माण होतात. ते पूर्ण काढून, कोरडी पुसणी करून मग हलके तेल द्यावे लागते. नव्या स्प्रिंगा ताठ व घासणारे पृष्ठभाग न रुळलेले असतात. त्यामुळे काही फैरींनंतर किरकोळ दोष आपोआप नाहीसे होतात. तपासणीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी : प्रथम मॅगझीन, मग काडतुसांचा गट, त्यानंतर वायुनियंत्रक. सर्वच एकदम बदलल्यास दोष गेला तरी त्याचे कारण कळत नाही. कानशीने भाग घासणे हे प्रशिक्षित शस्त्रकाराचेच काम होय.

हवामानाचाही परिणाम होतो. बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागांत उन्हाळ्यात उष्मा व काळ्या मातीची बारीक धूळ असते. अशा ठिकाणी सढळ तेल दिल्यास धूळ त्यात कालवून लेप तयार होतो. पावसाळ्यात मात्र कोरड्या चेंबरला गंज चढतो. ब्रिटिश एल१ए१ या भगिनी-रायफलीच्या वाहकावर माती साचू नये म्हणून तिरप्या खाचा पाडलेल्या होत्या. जिल्ह्याच्या पश्चिमेस मलकापूर–भुसावळ लोहमार्गावर वरणगाव येथे १९६४ मध्ये स्थापन झालेला दारूगोळा कारखाना लहान शस्त्रांची काडतुसे तयार करतो. रायफल व काडतूस हे एकच यंत्र समजून तपासावे लागते, याचे महत्त्व पुढील उदाहरणावरून स्पष्ट होते.

ऐतिहासिक अनुभव : व्हिएटनाममध्ये अमेरिकेने दिलेल्या एम१६ या नव्या रायफलीत १९६५–६७ या काळात रिकामी काडतुसे चेंबरमध्ये अडकू लागली आणि काही सैनिक निकामी रायफलीसह मृत झाले. काडतुसातील दारूचा प्रकार बदलला होता, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता व ही रायफल साफ करावी लागत नाही, या समजुतीने सफाईची साधनेही पुरेशी दिलेली नव्हती. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली. मुलामा, सुधारित बफर व सफाईसंच आल्यावर दोष पुष्कळ कमी झाले. भारतात १९९९ च्या कारगिल संघर्षात इन्सास रायफल अडल्याच्या व कडाक्याच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या.

सुरक्षितता : रायफल अडताच नळीचे तोंड सुरक्षित दिशेस ठेवून बोट चापावरून काढावे. चाप ओढूनही गोळी न सुटल्यास सरावाच्या वेळी सुमारे ३० सेकंद थांबावे. विलंबित स्फोटाचा संभव असतो. नंतर मॅगझीन काढून, कॉकिंग हँडल मागे ओढून चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासावे. क्रम महत्त्वाचा आहे. मॅगझीन न काढता हँडल ओढल्यास नवे काडतूस भरले जाते. आवाज क्षीण झाल्यास गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते. नळी तपासल्याशिवाय दुसरी गोळी झाडल्यास नळी फुटू शकते. सेनादलाची काडतुसे वापरणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफली १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील व्यवस्थेत सामान्य नागरिकांच्या परवान्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे ही दक्षता मुख्यतः जवान, पोलीस शिपाई व त्यांचे शस्त्रकार यांच्यावर येते. रणांगणावर रोक दूर करण्यास काही क्षणच मिळतात. तिचे कारण शोधण्याची योग्य जागा मात्र सरावाचे मैदान हीच होय.